पाण्यातला रंग उडतो पण फिनॉल हलत नाही, आता कोणतं डोपिंग करू?

निळी_बाटली

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, तेव्हा सांभाळून घ्या.

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय म्हणजे पाण्यातले ऑरगॅनिक प्रदूषक प्रकाशाच्या मदतीने तोडणारा कॅटॅलिस्ट. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये (टायटॅनियामध्ये) २ टक्के लोखंड घातलंय, यालाच डोपिंग म्हणतात, सोल-जेल करून ५०० डिग्रीला भाजलंय आणि ते रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडवर (कार्बनचे पातळ पापुद्रे) बसवलंय. पावडर करडी येते. १०० मिली पाण्यात मिथिलीन ब्लू हा निळा डाय (लिटरला १० मिलिग्रॅम या हिशोबाने), त्यात १०० मिलिग्रॅम कॅटॅलिस्ट, अर्धा तास अंधारात ढवळायचं, मग पांढरा एलईडी लावायचा, दर दहा मिनिटांनी थोडं पाणी काढून गाळायचं आणि स्पेक्ट्रोवर ६६४ नॅनोमीटरला, जिथे हा डाय सगळ्यात जास्त प्रकाश शोषतो, रीडिंग घ्यायचं. तासाभरात ९७ टक्के रंग साफ. वर टीओसी (पाण्यातला एकूण ऑरगॅनिक कार्बन) पण ९० टक्क्यांच्या वर उतरला. पहिल्यांदा झालं तेव्हा मी बीकरचा फोटो काढून घरी पाठवला होता, आईला काय कळलं माहीत नाही पण तिने छान छान म्हटलं.

मग सर म्हणाले डायवर तर सगळेच करतात, जरा फिनॉल घेऊन बघ. घेतलं. तोच कॅटॅलिस्ट, तोच दिवा, चार तास. फिनॉल जागचं हललं नाही. एचपीएलसीत (पाण्यातले पदार्थ वेगळे करून मोजणारं यंत्र) पीक जेवढा सुरुवातीला तेवढाच शेवटी, दोनतीन टक्के इकडेतिकडे, आणि तेवढा फरक तर माझ्या इंजेक्शनमध्येच येतो.

सरांचं म्हणणं की लोखंड काढ, बिस्मथ किंवा सेरियम घालून बघ, नाहीतर नायट्रोजन. मला एवढंच विचारायचंय की फिनॉलसाठी कोणतं डोपिंग चालतं याचा कुणाला अनुभव आहे का, कारण एकेक सिरीज बनवायला महिना जातो आणि आंधळेपणाने किती महिने घालवायचे.

अंधारकोठडी

डोपिंग बदलू नका. निदान या आठवड्यात तरी नको.

आधी एक शाळकरी हिशोब. १०० मिलीत डाय किती, तर १ मिलिग्रॅम. पावडर किती टाकली, १०० मिलिग्रॅम. म्हणजे सगळाच्या सगळा डाय पावडरीवर जाऊन चिकटला तरी ग्रॅममागे १० मिलिग्रॅमच होतो. ग्राफीन ऑक्साइडच्या घराण्यातली मंडळी ग्रॅममागे शेकडो मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू आरामात पोटात घेतात, तुमच्यात ती १० टक्के जरी असली तरी पुरून उरतील. मिथिलीन ब्लू पॉझिटिव्ह, चपटा, कड्यांचा रेणू आहे, त्याला निगेटिव्ह आणि चपटा पृष्ठभाग दिसला की तो तिथे मुक्काम ठोकतो. फिनॉलला साध्या पीएचला चार्जच नाही (त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू चार्ज घेतात तो, १० च्या आसपास), त्याला तिथे राहण्यात फारसा रस नाही. तुमच्या दोन प्रयोगांतला फरक मला तरी इथेच दिसतोय, डोपंटमध्ये नाही.

आणि मला खटकला तो टीओसी. तुम्ही तो जमेच्या बाजूला लिहिलाय, मी उलट धरतो. खरंच तुटत असेल तर रंग आधी जातो, कारण रंग जायला रेणूचा एक सांधा निखळला तरी पुरतो, आणि कार्बन मात्र मागून रखडत येतो, कड्या फुटतात, मग छोटी आम्लं होतात, ऑक्झॅलिक, फॉर्मिक वगैरे, ती तर लवकर जायलाच तयार नसतात. रंग ९७ आणि टीओसी ९०, तेही तासात, तेही एलईडीवर? पाणी सोडून डाय दुसरीकडे गेला तर पाण्यातला टीओसी उतरणारच की.

तर हे करा. एक, दिव्याचा प्लग काढून रात्रभर ढवळत ठेवा, अर्ध्या तासात इक्विलिब्रियम येतं, म्हणजे आणखी चिकटणं थांबतं, हे पेपरांमध्ये एकमेकांचं बघून लिहिलेलं असतं, तुमच्या पावडरीला ते माहीत नाही. दोन, वापरलेली पावडर खाली बसवून तिच्यावर थोडं इथेनॉल घाला आणि हलवा. इथेनॉल निळं झालं तर डाय कुठे गेला हे विचारायला इथे यायची गरज नाही. तीन, आयन क्रोमॅटोग्राफी मिळत असेल तर सल्फेट बघा. मिथिलीन ब्लूमध्ये एक गंधक असतो, १० मिलिग्रॅम डाय पूर्ण तुटला तर लिटरला साधारण ३ मिलिग्रॅम सल्फेट यायला पाहिजे. गंधक हवेत उडून जात नाही, त्यामुळे तो खोटं बोलत नाही.

अवांतर: आयडी निळी_बाटली आहे म्हणून आठवलं. निळ्या बाटलीचा प्रयोग शाळेत केला असेलच, ग्लुकोज आणि कॉस्टिकमध्ये मिथिलीन ब्लू रंगहीन होतो आणि बाटली हलवली की हवेतल्या ऑक्सिजनने परत निळा. म्हणजे रंग जाणे आणि रेणू जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तुमच्या आयडीतच लिहिलंय :) नमुना हवेत चांगला हलवूनही रीडिंग घ्या.

टाकीवाला

वरच्या प्रतिसादाशी सहमत. भाऊ मी काही संशोधक नाही, सांडपाण्याच्या प्लँटवर आहे, पण या विषयावर मला बोलायचंच होतं कारण दर वर्षी कुणीतरी असला निळा बीकर घेऊन येतं आणि म्हणतं तुमच्या टाकीत टाकून बघू, आणि टाकीत काय असतं तर मीठ, साबण, स्टार्च, थोडं तेल, चार प्रकारचे डाय, आणि पाणी इतकं गढूळ की हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत, त्यात उजेड जाणार कुठून? वरच्या दोन सेंटिमीटरला फोटोकॅटॅलिसिस आणि खाली अंधार.

आम्ही वापरतो फेंटन. फेंटनसाहेबाने १८९४ साली टार्टारिक आम्लावर लिहिलं होतं, लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, बस. उजेड नको, नॅनो नको. पण त्यालाही दुखणी आहेत आणि तुम्हा लोकांनी डिझाइन करायचं असेल तर ती दुखणी बघून करा असं माझं मत. एक म्हणजे पीएच ३ च्या जवळ आणावा लागतो, वर गेलं की लोखंड गाळ होऊन बसतं, म्हणजे आधी आम्ल ओता, मग चुना ओता, आणि मग तो तपकिरी चिखल फिल्टर प्रेसवर काढा, जो ठेवायचा कुठे हा वेगळाच प्रश्न. दुसरं, फेरस लोखंड एक इलेक्ट्रॉन गमावून एकदा फेरिक झालं की सुस्तावतं. सुरुवातीची पाच मिनिटं धडाकेबाज, फेस, गरम, आणि मग रटाळ. पीएच न पाडता चालणारं आणि चिखल न करणारं लोखंड कुणी दिलं तर मी त्याला खांद्यावर घेऊन नाचेन, डोपिंग कुठलं केलंय ते विचारणारसुद्धा नाही.

आणि एक गंमत सांगतो, मोजमापाचीच आहे. मी नवीन होतो तेव्हा फेंटन केल्यावर सीओडी (पाण्यातली घाण ऑक्सिडाइझ करायला किती ऑक्सिजन लागेल तो आकडा) वाढायचा. करायच्या आधी कमी, केल्यावर जास्त. साहेब माझ्यावर, मी लॅबवाल्या पोरावर, पोरगा बाटलीवर. तीन दिवसांनी लक्षात आलं की पाण्यात उरलेलं पेरॉक्साइड सीओडी मोजायचं डायक्रोमेट खातंय आणि सीओडी म्हणून दिसतंय. एक मिलिग्रॅम पेरॉक्साइड हिशोबाने ०.४७ मिलिग्रॅम सीओडी दाखवतं. मग कुणीतरी सांगितलं सल्फाइट घालून मार, घातलं, हात सैल पडला, आणि जास्तीचं सल्फाइटसुद्धा सीओडी म्हणूनच मोजलं गेलं. शेवटी पीएच वर नेऊन थोडं कोमट करून ठेवायला लागलो आणि पट्टीने पेरॉक्साइड संपलंय बघितल्याशिवाय नमुना पुढे पाठवत नाही.

निळी_बाटली

भाऊ नाही, ताई :)

दोघांनाही धन्यवाद. अंधारकोठडी, हिशोब वाचून पोटात गोळा आला. मी अंधारातला अर्धा तास करत होते आणि त्यात ४० टक्के रंग जायचा, पण तो आलेखात शून्याच्या आधी दाखवायचा असतो म्हणून दाखवला, त्याचं पुढे काय होतंय असा विचारच केला नाही. रात्रभराचा प्रयोग आज लावते.

पण एक कळलं नाही. समजा थोडा भाग खरंच प्रकाशाने तुटत असेल, तर तो फिनॉललाही तोडायला हवा ना? प्रकाशाने कॅटॅलिस्टवर जो हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो तो तर काहीही तोडतो म्हणतात.

अंधारकोठडी

ताई, मग ऐका. डाय स्वतः प्रकाश खातो, लाल प्रकाश, म्हणून तर तो निळा दिसतो. खाल्ल्यावर तो आपला इलेक्ट्रॉन टायटॅनियाच्या हातात देतो आणि स्वतः अर्धवट जळतो. यात टायटॅनियाने प्रकाश घेतलाच नाही, त्याने फक्त हात पुढे केला. फिनॉलला दिसणारा प्रकाश पचत नाही, तो २७० नॅनोमीटरच्या आसपास घेतो, त्यामुळे पांढऱ्या एलईडीखाली फिनॉल म्हणजे कॅटॅलिस्टची खरी परीक्षा. डाय ही अशी परीक्षा आहे की जिथे परीक्षार्थीच्या जागी पेपर काढणाराच उत्तरं लिहितो.

अॅनाटेज टायटॅनियाचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन वर उडवायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३८७ नॅनोमीटरच्या आतलाच प्रकाश चालतो. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर अतिनील प्रकाश टाकून पाणी फोडल्याचं छापलं, तेव्हापासून त्याला दिसणाऱ्या प्रकाशात ओढायची खटपट चालू आहे, आणि धातू घालणं हा त्यातला सगळ्यात सोपा दिसणारा रस्ता. लोखंड घातलं की पावडर पिवळसर होते, स्पेक्ट्रम उजवीकडे सरकतो, आपण खूश. पण ज्या मधल्या पातळ्यांमुळे रंग आला त्याच पातळ्यांवर इलेक्ट्रॉन आणि होल (त्याने मागे सोडलेली रिकामी जागा) एकमेकांना गाठतात आणि उष्णता देऊन मोकळे होतात. प्रकाश घेतला, काम शून्य. १९९४ साली चोई, टर्मिन आणि हॉफमन यांनी टायटॅनियात २१ वेगवेगळे धातू एकेक करून घालून बघितले होते, त्यात लोखंड चांगल्यांपैकी होतं पण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि कोबाल्ट, अॅल्युमिनियमने तर होतं ते बिघडवलं. तुमचं २ टक्के आहे. म्हणून म्हणतो की सिरीज करायचीच असेल तर बिस्मथकडे पळण्याआधी लोखंडच ०.१ पासून वर करत या, आणि सोबत एक बिनडोपिंगची, बिनग्राफीनची साधी पावडर ठेवा. ती नसेल तर तुलना कशाशी करणार?

६६४ च्या एकाच रीडिंगवरही जाऊ नका. पूर्ण स्पेक्ट्रम काढा. मिथिलीन ब्लूचे मिथिल गट एकेक करून गळायला लागले की शिखर डावीकडे सरकतं, ६५० कडे, त्याच्याही खाली. मग ६६४ ला रंग गेलेला दिसतो आणि शेजारी तो अजून उभा असतो.

वाचनमात्र_दुसरा

बाहेरचा माणूस आहे, बावळट प्रश्न असेल तर माफ करा. पावडरीला चिकटूनच प्रदूषण जात असेल तर वाईट काय आहे? सरळ अॅक्टिव्हेटेड कार्बन वापरा, कॅटॅलिस्टची भानगड कशाला?

टाकीवाला

बावळट अजिबात नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून तर बीकर येत राहतात. कार्बन वाईट नाही, बऱ्याच ठिकाणी तोच बरा आणि आम्हीही शेवटी कार्बनची टाकी ठेवलीय. फक्त तो घाण उचलून स्वतःकडे ठेवतो, भरला की त्याला भट्टीत नेऊन परत रिकामा करा नाहीतर फेकून द्या. तोडत नाही. तोडतो म्हणून विकला आणि उचलतोय असं निघालं की मग राग येतो.

घातांक

उशिरा आलो. हायड्रॉक्सिल रॅडिकल काहीही तोडतो या वाक्यावरच थोडं बोलायचंय, कारण माझ्या मते कॅटॅलिस्ट डिझाइन इथेच फसतं, डोपंट नंतरची गोष्ट.

काहीही तोडतो हाच त्याचा दोष आहे. आकडे घालून बघू. हायड्रॉक्सिल रॅडिकलचा बहुतेक ऑरगॅनिक रेणूंशी वेग १० चा नववा ते दहावा घात, प्रति मोलर प्रति सेकंद. आपण ५ गुणिले १० चा नववा घात धरू आणि प्रदूषक १ मायक्रोमोलर, म्हणजे खऱ्या पाण्याच्या मानाने भरपूरच. गुणाकार ५,०००. आता त्याच पाण्यात बायकार्बोनेट लिटरला २०० मिलिग्रॅम, म्हणजे ३.३ मिलिमोलर. बायकार्बोनेटचा वेग तसा फालतू, ८.५ गुणिले १० चा सहावा घात, पण माणसं जास्त. गुणाकार २८,०००. वर पालापाचोळ्यातून आलेला विरघळलेला कार्बन लिटरला २ मिलिग्रॅम धरा, तो सर्वसाधारणपणे आणखी ५०,००० खातो. बेरीज ८३,०००, त्यात तुमच्या प्रदूषकाचा वाटा ५,०००. शंभर रॅडिकल तयार केले तर सहा कामावर गेले आणि चौऱ्याण्णव वाटेत संपले. आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणजे जास्त रॅडिकल बनवणारा कॅटॅलिस्ट बनवून प्रश्न सुटत नाही, ते चौऱ्याण्णवच वाढतात. डिझाइन करायचं तर दोन वाटा मला पटतात. एक, प्रदूषकाला आधी पृष्ठभागाजवळ आणून बसवायचं आणि रॅडिकल तिथेच तयार करायचा, कारण तो बिचारा तयार झाल्यापासून काही नॅनोमीटरच्या पुढे जातच नाही. मजा बघा, तुमचं ग्राफीन जे आत्ता खलनायक ठरलंय तेच इथे उपयोगी आहे, फक्त धरणारी जागा आणि तोडणारी जागा शेजारी शेजारी पाहिजे, आणि तोडायचा वेग असा की जागा परत रिकामी होत राहील. तुमच्याकडे धरणारी आहे, तोडणारी नाही.

दुसरी वाट म्हणजे कमी तापट ऑक्सिडंट. लोखंडाची चौथी अवस्था, ऑक्सिजनला दुहेरी बंधाने धरलेली, ही इलेक्ट्रॉनने श्रीमंत असलेल्या रेणूंवर, फिनॉल, अॅनिलिन वगैरेंवर, नेमकी जाते आणि बायकार्बोनेटकडे ढुंकून बघत नाही. कार्नेगी मेलनच्या टेरी कॉलिन्स यांच्या गटाने टॅमल नावाची लोखंडाची संयुगं काढली, ती पेरॉक्साइडला याच प्रकारे कामाला लावतात आणि तीही न्यूट्रल पीएचच्या आसपास. किंमत अशी की निवडक आहे म्हणजे सगळं तोडणार नाही. फ्लोरिनवाल्या साखळ्यांना तर हायड्रॉक्सिल रॅडिकलही जवळजवळ हात लावत नाही, कार्बन-फ्लोरिन बंध ४८५ किलोज्यूलच्या घरातला. तेव्हा कुठला प्रदूषक आणि कुठलं पाणी हे ठरल्याशिवाय कुठलं डोपिंग या प्रश्नाला अर्थच नाही.

टाकीवाल्यांचा सुस्तावलेला फेरिक हाही याच हिशोबातला आहे. फेरसचा पेरॉक्साइडशी वेग ७० च्या आसपास, फेरिकचा ०.०१ किंवा त्याहून कमी. हजारो पटींचा फरक. त्यामुळे चांगला फेंटन कॅटॅलिस्ट म्हणजे फेरिकला परत फेरस करणारा कॅटॅलिस्ट, बाकी सगळं सजावट. प्रकाशाने करा, इलेक्ट्रोडने करा, हल्ली मॉलिब्डेनम सल्फाइड शेजारी ठेवून करतात.

टाकीवाला

घातांक, हे माणसं जास्त वालं एकदम पटलं. साहेबांना दाखवतो.

निळी_बाटली

अपडेट देते, तीन दिवस लागले.

रात्रभर अंधारात ठेवलं, दिवा नाही, वर फॉईल. सकाळी पाणी स्वच्छ. ९१ टक्के. मी दोनदा केलं, दुसऱ्यांदा ९०. मग ती पावडर सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवली आणि वर इथेनॉल घातलं आणि नुसतं हाताने हलवलं, अक्षरशः पाच सेकंदात इथेनॉल शाईसारखं निळं. मी बराच वेळ ती ट्यूब हातात धरून उभी होते. दोन वर्षांची ट्यूब आहे ती.

सल्फेट: अर्धा मिलिग्रॅमपण नाही.

बिनग्राफीनची साधी टायटॅनिया एलईडीखाली तासाला १५ टक्के, स्पेक्ट्रम काढला तर शिखर खरंच डावीकडे सरकलेलं. आणि त्याच साध्या टायटॅनियाला ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा दिला तर फिनॉल चार तासांत निम्म्याच्या खाली आलं. पहिल्यांदाच फिनॉल हललेलं बघितलं. मधल्या नमुन्यांत दोन नवे छोटे पीक आले, एक हायड्रोक्विनॉनच्या (फिनॉल तुटताना होणारा पदार्थ) वेळेला येतोय.

सरांना सांगितलं. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले पुनर्वापराचा आलेख काढलेला तो तरी चालेल ना, पाच सायकल ९७ टक्के. आता मला त्याचीही भीती वाटतेय.

अंधारकोठडी

भीती रास्त आहे. तुमच्या हिशोबात पावडर गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे, त्यामुळे निम्मी जागा बाद झाली तरी तासाअखेर ९७ च दिसणार. पुनर्वापर बघायचा तर पावडर इतकी कमी करा की पहिल्या सायकलला ३०-४० टक्केच जाईल, आणि सुरुवातीचा वेग मोजा, शेवटचा आकडा नाही. शिवाय ग्रॅममागे १० मिलिग्रॅम गुणिले पाच सायकल म्हणजे ५० मिलिग्रॅम झाले, तेवढं तर ग्राफीन नुसतं धरूनही ठेवू शकतं. मधे धुतलं होतं का, कशाने?

हायड्रोक्विनॉन आलं ही चांगली बातमी, खरं तुटतंय. फक्त तिथे थांबू नका, हायड्रोक्विनॉन आणि बेंझोक्विनॉन हे मूळ फिनॉलपेक्षा जास्त विषारी आहेत. फेंटनने फिनॉल तोडताना पाणी मधेच चहासारखं तपकिरी होतं ते याच मंडळींमुळे, आणि फिनॉल संपलं म्हणून तिथे दिवा बंद केला तर आपण पाणी होतं त्याहून वाईट करून ठेवलं.

घातांक

पुढे रिव्ह्यूअर स्कॅव्हेंजरचा (ठराविक रॅडिकल खाऊन टाकणारं रसायन) आलेख मागेल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. आयसोप्रोपॅनॉल हायड्रॉक्सिलला, बेंझोक्विनॉन सुपरऑक्साइडला, अझाइड सिंगलेट ऑक्सिजनला, असा एक ठरलेला साचा आहे आणि तो बराचसा पोकळ आहे. अझाइड हायड्रॉक्सिललाही तितक्याच आनंदाने खातं. बेंझोक्विनॉन स्वतः प्रकाश घेतं. आणि हे सगळे मिलिमोलरमध्ये ओतल्यावर पृष्ठभागावरच्या जागा अडवतात, मग वेग कमी झाला तो रॅडिकल मेला म्हणून की दारात गर्दी झाली म्हणून, हे कोण सांगणार? एकावरून निष्कर्ष काढू नका, ईपीआर (रॅडिकल थेट ओळखायचं तंत्र) जोडीला घ्या. आणि लोखंड पाण्यात सुटतंय का ते गाळलेल्या पाण्यात मोजा, तेवढंच सुटं लोखंड घालून वेगळा प्रयोग करा. घन कॅटॅलिस्ट म्हणून छापलेली बरीच कामं खरं तर विरघळलेल्या धातूने केलेली असतात, कोबाल्ट आणि परसल्फेटच्या जोडीत तर फारच.

निळी_बाटली

मधे पाण्यानेच धुतलं होतं :(

ठीक आहे. आता ठरवलंय की ग्राफीन १० वरून १ टक्क्यावर आणायचं, लोखंड अर्ध्या टक्क्याच्या खाली, प्रदूषक फिनॉलच, आणि पाण्यात पहिल्या दिवसापासून बायकार्बोनेट. आकडे लाजिरवाणे येतील पण माझे असतील.

एकच अडलंय. सगळ्यात साधा ब्लँक केला, फक्त डायचं पाणी, कॅटॅलिस्ट नाही, दिवा नाही, तरी न गाळलेल्यापेक्षा रीडिंग ३० टक्के कमी येतंय. क्युव्हेट धुतला, स्पेक्ट्रो तपासून घेतला, डाय नवीन बनवला. डाय जातोय कुठे?

टाकीवाला

न गाळलेल्यापेक्षा म्हणजे काय ताई, ब्लँकपण गाळता? कशातून?

निळी_बाटली

हो, नमुने गाळते म्हणून ब्लँकपण गाळला. सिरिंजला लावायचा ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, सेल्युलोजवाला. पहिले एकदोन मिलीच घेते, जास्त नमुना वाया जाऊ नये म्हणून.

अंधारकोठडी

फिल्टर उघडा आणि चकती बघा.

निळी_बाटली

उघडला. चकती आकाशी झालीय. उद्यापासून सेंट्रिफ्यूज.